किल्ली कुणाच्या खिशात?

‘क्लाउड’ म्हटलं की आमच्या लोहाऱ्याकडचा माणूस आधी आभाळाकडे बघतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. मृग कोरडा गेलाय, आर्द्रा निम्म्यावर आल्यात, घरात बियाणं येऊन पडलंय आणि वर नुसतेच पांढरे ढग पळताहेत, असे दिवस ज्यानं काढलेत त्याला ढग म्हणजे काय हे आपण काय सांगणार? २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये सरकारनं औरंगाबादहून विमानं उडवून ढगांवर फवारणीसुद्धा करून पाहिली. म्हणजे ढगातून काहीतरी पदरात पाडून घ्यायची धडपड आपल्याकडे जुनीच आहे!

आज मात्र मला बोलायचंय ते दुसऱ्या क्लाउडबद्दल. कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लाउडबद्दल. घाबरू नका, सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनीही पान उलटू नये, कारण विषय आपल्या सगळ्यांच्या गावचा आहे. आपल्या होस्टेलवर लोहारा, उमरगा, औसा, निलंगा, तुळजापूर अशा भागांतली कितीतरी मुलं-मुली आहेत. आपल्या प्रत्येकाच्या शेताची, तळ्याची, गावठाणाची उपग्रहानं टिपलेली कित्येक वर्षांची नोंद आज जगातल्या कुणालाही फुकट बघता येते. युरोपातला एखादा विद्यार्थी रात्री जेवण झाल्यावर माकणीच्या धरणात किती पाणी पसरलंय ते मोजू शकतो. आणि माकणीचाच मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला येतो तरी त्याला हे दार कुठं आहे तेच ठाऊक नसतं!

माझं म्हणणं आधीच सरळ सांगून टाकतो. ही माहिती खुली झाली आहे, पण तिच्यापर्यंत पोचायची सोय आपल्या कॉलेजनं संस्थेच्या नावानं करायला हवी. जशी लायब्ररी आहे, जसं वर्कशॉप आहे, तशी. आणि आपण विद्यार्थ्यांनी त्या दारातून आत जाताना मार्कांपुरता नव्हे, तर आपल्या गावाचा एखादा प्रश्न सोबत घेऊन जायला हवं. एवढंच सांगायला हा लेख लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची चित्रं घेताहेत. पण बरीच वर्षं त्यातलं एकेक दृश्य विकत घ्यावं लागायचं आणि त्याला शेकडो डॉलर पडायचे. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या पोरांनी ते घ्यावं ही कल्पनासुद्धा कुणी करत नव्हतं. २००८ साली अमेरिकी सरकारनं हा सगळा साठा फुकट खुला केला. २००९ मध्ये आपल्या इस्रोनं ‘भुवन’ सुरू केलं. २०१० च्या अखेरीस गूगलनं ‘अर्थ इंजिन’ आणलं. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ मध्ये वर गेला, त्याचा जोडीदार २०१७ मध्ये, आणि त्यांचा डेटा पहिल्यापासूनच मोफत आहे. म्हणजे पैशाचा अडसर गेला त्याला आता बरीच वर्षं झाली.

पण नुसता डेटा फुकट होऊन भागत नाही. त्याचं आकारमान किती, हे जरा बघा. सेंटिनेल-२ जगाचे साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे चौकोन पाडतो. अशा एका चौकोनाची एका दिवसाची फाइल अर्धा ते एक जीबीची. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात, म्हणजे वर्षाला सत्तरच्या वर फेऱ्या. एका वर्षाचं एका चौकोनाचं सगळं उतरवायचं म्हटलं तर पस्तीस ते सत्तर जीबी झाले. होस्टेलच्या वायफायवर हे उतरवायला बसलं तर आधी वॉर्डन सर येतील आणि मग सेमिस्टर संपेल! आणि उतरलंच, तरी आपल्या जुन्या लॅपटॉपला ते उघडतानाच धाप लागणार.

क्लाउडची खरी गंमत इथं आहे. डेटा आपल्याकडे आणायचा नाही, आपला हिशेब डेटाकडे पाठवायचा. चित्रं त्यांच्या मोठमोठ्या कॉम्प्युटरांवर आधीच ठेवलेली आहेत. आपण फक्त पाच-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम पाठवायचा, की ‘या हद्दीतलं, या तारखांमधलं, पाणी असलेलं क्षेत्र मोजून दे’. सगळी बेरीज-वजाबाकी तिकडेच होते आणि आपल्याकडे परत येतो तो आकड्यांचा एक छोटा तक्ता, काही केबींचा. तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही येतो. ज्याच्याकडे भारी मशीन नाही, ज्याचं नेट अर्ध्या वेळेला रुसलेलं असतं, त्याच्यासाठी म्हणजे आपल्यासाठीच ही व्यवस्था केल्यासारखी आहे. पुण्या-मुंबईच्या पोराला भारी लॅपटॉप मिळतो म्हणून तो पुढं, हे रडगाणं निदान इथं तरी चालत नाही.

आता हे चित्र किती बारीक असतं ते आपल्या मापात सांगतो. सेंटिनेल-२ च्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा दाखवतो. म्हणजे शंभर चौरस मीटर. आणि आपला एक गुंठा किती? एकशे एक चौरस मीटरच्या जरासा वर. म्हणजे एक ठिपका जवळपास एक गुंठा! चाळीस ठिपके म्हणजे एक एकर, शंभर ठिपके म्हणजे एक हेक्टर. लँडसॅटचा ठिपका तीस मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. युरोपातल्या इंजिनिअरांनी आपला सातबारा डोळ्यांसमोर ठेवून कॅमेरा बनवला नसणार, पण जमलंय मात्र झकास. गावात एखाद्या आजोबांना ‘स्पेशिअल रिझोल्यूशन’ म्हणून बघा, ते तंबाखू मळत बसतील. ‘वरून गुंठ्या-गुंठ्याचं दिसतंय’ म्हणा, लगेच विचारतील, ‘मग आमच्या बांधावरचं बघ बरं!’ (बांध काही त्यात दिसत नाही, हेही त्यांना सांगावं लागतं. भावकीचे वाद उपग्रहाकडून मिटायचे नाहीत.)

एक उदाहरण घेऊ. लोहारा तालुक्यात माकणीजवळ तेरणा नदीवर निम्न तेरणा धरण आहे. तेरणा पुढे मांजरेला मिळते. या धरणातलं पाण्याचं क्षेत्र कसं मोजायचं? पाणी हिरवा प्रकाश थोडाफार परत पाठवतं, पण निकट-अवरक्त म्हणजे डोळ्यांना न दिसणारे लालपलीकडचे किरण जवळपास सगळे गिळून टाकतं. माती आणि झाडं तसं करत नाहीत. म्हणून प्रत्येक ठिपक्यासाठी हिरव्यातून अवरक्त वजा करायचं आणि त्या दोघांच्या बेरजेनं भागायचं. उत्तर शून्याच्या वर आलं तर बहुधा पाणी, खाली आलं तर जमीन. असे पाण्याचे ठिपके मोजा, शंभरानं भागा, हेक्टर हातात. एवढं गणित तर आपण बारावीला सोडवत होतो. मे महिन्यातला आकडा आणि ऑक्टोबरमधला आकडा, अशी दहा वर्षांची रांग लावली की पाणी कुठल्या साली लवकर आटलं हे डोळ्यांसमोर उभं राहतं.

अर्थात पाण्याचा पसारा म्हणजे पाण्याचा साठा नव्हे. त्यासाठी धरणाचा क्षेत्र आणि साठ्याचा तक्ता लागतो, तो पाटबंधारे खात्याकडे असतो. गाळ साचला की तो तक्ताही हळूहळू खोटा पडत जातो. सिव्हिलच्या मित्रांनो, बघा, तुमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट इथंच उभा आहे. आणि आपण मात्र वर्षानुवर्षं त्याच त्या काँक्रीटच्या क्यूबमध्ये आणखी कसली राख मिसळायची, यावर रिपोर्ट छापतोय.

कुणी म्हणेल, मोजून करायचं काय? एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. माणसांच्या शहराला पिण्याचं पाणी वाघिणीतून आलं! तेव्हा आपण शाळेत होतो, टँकरपुढं घागरींच्या रांगा लागलेल्या आपण बघितल्यात. पाणी एका रात्रीत आटत नाही. ते महिनोन् महिने आटत असतं आणि वरून ते दिसत असतं. त्याच २०१६ साली युरोपियन कमिशनच्या संशोधन केंद्रानं लँडसॅटची तीस लाख दृश्यं तपासून १९८४ पासूनचा साऱ्या जगाच्या पाण्याचा नकाशा प्रसिद्ध केला. कुठं पाणी कायम असतं, कुठं हंगामापुरतं, कुठं होतं आणि गेलं, हे ठिपक्या-ठिपक्यानं. हा हिशेब त्यांनी अर्थ इंजिनवरच केला. त्यात आपली तेरणा आहे, मांजरा आहे, गावोगावचे पाझर तलाव आहेत. आपल्याला विचारून कुणी केलं नाही, आणि आपणही अजून उघडून बघितलं नाही.

दुसरं कारण जास्त खिशाला लागणारं आहे. पीकविमा. केंद्राच्या विमा योजनेत खरीप २०२३ पासून भात आणि गव्हाचं उत्पादन ठरवताना उपग्रह-तंत्रावरून काढलेल्या अंदाजाला किमान तीस टक्के वजन द्यायचं ठरलं. खरीप २०२४ पासून त्यात सोयाबीन आलं. सोयाबीन! म्हणजे धाराशिव, लातूरचा सगळा खरीप. आपल्या बापाच्या रानात किती पिकलं हे ठरवण्यात आता वरच्या डोळ्याचाही वाटा आहे. तो डोळा बरोबर बघतो की नाही, हे तपासायला गावातलं कोण बसणार? तलाठी अप्पांना वेळ नाही, कृषी सहायकाकडे कितीतरी गावं. मग उरतो कोण? इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा. घरच्यांनी शेत गहाण ठेवून ज्याला पाठवलं तोच. त्याला जर हे उघडता येत नसेल, तर आपण चार वर्षं नेमकं काय शिकलो, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचं तोंड धरता येणार नाही.

बरं, उघडायचं कसं? इथंच आपली गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अर्थ इंजिनचंच उदाहरण घेतो. पहिली पायरी, गूगलचं खातं. ते सगळ्यांकडे आहे. दुसरी, क्लाउडमध्ये एक ‘प्रोजेक्ट’ उघडायचा. हा प्रोजेक्ट म्हणजे आपला सबमिशनचा प्रोजेक्ट नव्हे. एखाद्या दुकानाची जशी खातेवही असते तसं समजा. कुणी काय वापरलं, किती वापरलं, कुणाला परवानगी आहे, सगळं त्या वहीत. तिसरी पायरी, ती वही अर्थ इंजिनसाठी नोंदवायची. तिथं विचारतात, वापर धंद्यासाठी की बिगरव्यावसायिक? शिक्षण आणि संशोधनासाठी असेल तर मोफत, पण त्याची एक प्रश्नावली भरावी लागते. संस्था कुठली, काम कशाचं, वगैरे. चौथी पायरी, अर्थ इंजिनची सेवा त्या प्रोजेक्टसाठी चालू करायची. मग ब्राउझरमधल्या एडिटरवर जावास्क्रिप्टमध्ये लिहा, नाहीतर पायथॉनमध्ये. मोफत वापराला मर्यादा आहेत, पण आपल्या तालुक्याचा हिशेब त्यात आरामात बसतो.

कागदावर चार पायऱ्या. प्रत्यक्षात काय होतं? कॉलेजचा मेल आयडी टाकला तर पुष्कळदा आतच जाता येत नाही, कारण संस्थेच्या अ‍ॅडमिननं विद्यार्थ्यांसाठी क्लाउडची सेवा चालूच केलेली नसते. आपण वाचतो ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आणि समजतो की हे आपल्यासाठी नाही. मग कुणीतरी चुकून दुसऱ्याच पानावर जातो, तिथं क्रेडिट कार्ड मागतात, आणि आपल्याकडे तर बापाच्या नावचं रुपे कार्ड! तिथंच निम्मे जण परत फिरतात. प्रश्नावलीत ‘संशोधनाचा उद्देश लिहा’ असं आलं की उरलेले निम्मे. इंग्रजीत दोन वाक्यं लिहायची धास्ती आपल्याला अजून वाटते, ते कबूल करायला लाज कसली?

मग आपला देशी मार्ग निघतो. ग्रुपमधल्या एकाच्या जीमेलवर चौघांचं काम. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर. सगळं काम त्या एकाच्या नावावर आणि बाकीचे तिघे व्हायव्हाच्या आदल्या रात्री ‘अरे, लॉगिन दे ना’ म्हणून त्याच्या दारात. कुणी तर प्रोग्रॅमसोबत गुप्त किल्लीची फाइलसुद्धा गिटहबवर सगळ्यांना दिसेल अशी टाकून मोकळा होतो. अशा उघड्या पडलेल्या किल्ल्या शोधत फिरणारे चोर इंटरनेटवर चोवीस तास जागे असतात. प्रोजेक्टला बिलाचं खातं जोडलेलं असेल, तर दुसऱ्याची उधारी आपल्या नावावर चढते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जूनमध्ये तो जीमेलवाला नोकरीला निघून जातो. त्याच्याबरोबर सगळं गेलं. पुढच्या बॅचला पुन्हा श्रीगणेशा. दरवर्षी नवी विहीर खणायची आणि पाणी लागायच्या आत बुजवायची, असं चाललंय.

म्हणून कॉलेजला माझी विनंती आहे. विनंती म्हणतो, कारण आपल्या मासिकात मागणी म्हटलं की संपादक मंडळाला बोलावणं येतं! विनंती अशी. कॉलेजच्या नावानं एक क्लाउड प्रोजेक्ट उघडावा. त्याची मालकी दोन कायम शिक्षकांकडे असावी. एकाकडे नको, कारण बदली, रजा, निवृत्ती कुणालाही चुकलेली नाही. ज्या विद्यार्थ्याला काम करायचं त्याला त्याच्या स्वतःच्या आयडीनं आत घ्यावं, आणि कामाला लागेल तेवढीच परवानगी द्यावी. काहींना फक्त बघायची, काहींना लिहायची. हे काम पाच मिनिटांचं आहे. वर्ष संपलं की परवानगी काढून घ्यावी, काम मात्र तिथंच राहावं. पुढच्या बॅचनं मागच्या बॅचच्या आकड्यांवर पुढची वीट ठेवावी. कुणाला कधी आत घेतलं, काय प्रश्न घेऊन, याचं एक साधं रजिस्टर ठेवावं. लायब्ररीत आपण पुस्तक नेतो तेव्हा कार्डावर नोंद होतेच ना? इथं पुस्तकाऐवजी किल्ली, एवढाच फरक.

यावर काय-काय आक्षेप येतील ते मला माहीत आहे. लॅबमध्ये आणि मेसमध्ये ऐकूनच लिहायला बसलोय.

पहिला आक्षेप, ‘बिल आलं तर जबाबदार कोण?’ रास्त प्रश्न आहे. पण बिगरव्यावसायिक अर्थ इंजिनसाठी बिलाचं खातं जोडावंच लागत नाही. जोडलंच नाही तर बिल येणार कुठून? पुढे कधी पैसे देऊन वापरायची वेळ आली, तर ठरावीक रकमेला इशारा लावून ठेवता येतो. उलट आज प्रत्येक मुलगा आपापल्या किंवा बापाच्या कार्डानं जे चोरून-मारून प्रयोग करतोय, त्यात धोका जास्त आहे.

दुसरा, ‘याचा प्लेसमेंटला काय उपयोग?’ हा तर आपला राष्ट्रीय प्रश्न! उपयोग आहे. खातं, प्रोजेक्ट, भूमिका, परवानगी, किल्ली, मर्यादा, बिल, हे सगळं अर्थ इंजिनपुरतं नाही. अ‍ॅमेझॉनचा क्लाउड असो की मायक्रोसॉफ्टचा, नावं बदलतात, रचना तीच. कंपनीत गेल्यावर पहिल्या आठवड्यात हेच करायला लावतात. सर्टिफिकेटचे पैसे भरून जे पाठ करायचं, ते इथं हातानं शिकून होतं.

तिसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावणारा वाटतो. ‘परक्या कंपनीच्या दारात का उभं राहायचं? उद्या तिनं दार लावलं तर?’ खरंय. तसं घडलेलंही आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘प्लॅनेटरी कॉम्प्युटर’वर हिशेब करायची जी जागा होती ती २०२४ मध्ये बंद झाली, डेटाची यादी तेवढी राहिली. सेंटिनेलचा डेटा उतरवायचं युरोपचं जुनं ठिकाणही २०२३ मध्ये बंद होऊन त्याच्या जागी ‘कोपर्निकस डेटा स्पेस’ आलं. म्हणून एकाच दारावर विसंबू नये, हे मान्य. भुवन आहे, कोपर्निकस आहे, त्यांचीही ओळख करून घ्यावी. आपला प्रोग्रॅम आणि आलेले आकडे कॉलेजच्या डिस्कवर जपून ठेवावेत. पण दार उद्या लागेल म्हणून आज आत जायचंच नाही, हे काही शहाणपणाचं नाही. एसटी कधीही बंद पडते म्हणून आपण गावाला जायचं सोडलंय का?

आता थोडं आपल्या बाजूचंही बोलतो, नाहीतर सगळं कॉलेजवर ढकलल्यासारखं होईल. किल्ली मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. व्हिडिओ बघून अमेरिकेतल्या कुठल्यातरी सरोवराचा तयार प्रोग्रॅम चालवायचा, रंगीत नकाशाचा फोटो काढायचा आणि ‘इंट्रोडक्शन, मेथडॉलॉजी, कन्क्लूजन’ करून बांधून द्यायचं, हे आपल्याला सहज जमतं. त्यानं गावातल्या कुणाचं काही हलत नाही. प्रश्न आपल्या घरून आणायला हवा. जेवळीच्या शिवारात ज्या भागात तुरी वाळतात तिथं दरवर्षीच वाळतात का? अचलेरकडचं तळं पूर्वी होळीपर्यंत टिकायचं म्हणतात, ते खरं का? सास्तूरचं जुनं गावठाण आणि भूकंपानंतर वसलेलं गाव, यांच्या आजूबाजूची जमीन कशी बदलली?

सास्तूरचं नाव घेतलं म्हणून थांबून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, सास्तूर आता लोहारा तालुक्यात; दोन्हीकडे घरं मातीमोल झाली. बावन्न गावं नव्या जागी वसवली. आपल्यातले बरेच जण त्या नव्या वसाहतींत जन्मले. जुन्या गावाचा आकार, गल्ल्या, विहिरी आज आजी-आजोबांच्या बोलण्यात आहेत. त्या काळातली लँडसॅटची जी काही दृश्यं मिळतील ती आणि आजची, शेजारी-शेजारी ठेवून बघायचं काम दुसरं कुणी करणार नाही. नऊ गुंठ्यांच्या ठिपक्यात घर दिसत नाही, पण गाव कुठून कुठं गेलं ते दिसतं. बाकीचं आजीला विचारायचं.

आणि हे विचारणं फार महत्त्वाचं आहे. उपग्रह चुकतो. गढूळ, उथळ पाण्याला तो जमीन समजतो, जलपर्णीनं झाकलेल्या तळ्याला हिरवं रान समजतो. सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे, सोयाबीन उभं असतं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं, आणि सेंटिनेल-२ ला ढगापलीकडचं दिसत नाही. क्लाउडमुळे क्लाउडवरचं काम अडतं, असा हा विनोद आहे! त्यावर उपाय म्हणजे सेंटिनेल-१. तो स्वतः रडारच्या लहरी सोडतो, त्या ढगातून आरपार जातात. शांत पाण्यावरून त्या दुसरीकडेच निसटतात, म्हणून पाणी काळं दिसतं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, भूम-परंड्याकडे जो हाहाकार उडाला, तशा वेळी वरून बघायचं तर हेच साधन. पण तोही रोज येत नाही. पाणी एका दिवसात शेतावरून ओसरलं आणि उपग्रह चार दिवसांनी आला, तर चित्रात सगळं ठीकठाक! कुजलेलं पीक मात्र रानात तसंच. म्हणून वरचा आकडा आणि खालचा माणूस, दोन्ही लागतात. सुट्टीत गावी गेल्यावर चार शेतांत मोबाइल घेऊन जायचं, जागेचे अक्षांश-रेखांश टिपायचे, पेरणी कधी, पाणी किती दिवस तुंबलं ते विचारून वहीत लिहायचं. हे काम परदेशातल्या तज्ज्ञाला कधीच जमणार नाही. आपल्याला एका रविवारी जमतं, आणि वर चहाही मिळतो.

सुरुवात तर आजही करता येईल, कुणाच्या परवानगीशिवाय. ‘ग्लोबल सरफेस वॉटर एक्सप्लोरर’ हे नाव शोधा, लॉगिन लागत नाही. नकाशावर माकणी गाठा, नाहीतर आपल्या गावचं तळं गाठा. पाणी कुठं कायम आणि कुठं येऊन-जाऊन आहे ते बघा आणि घरी फोन लावून विचारा, ‘बाबा, तळ्याची ही बाजू कधीपासून कोरडी पडली?’ उत्तर जुळलं तर आनंद, नाही जुळलं तर त्याहून जास्त आनंद, कारण तुम्हाला प्रश्न मिळाला. तो प्रश्न एका कागदावर लिहा आणि आपल्या सर-मॅडमकडे जा. ‘सर, क्लाउडचा अ‍ॅक्सेस पाहिजे’ एवढंच म्हणालात तर सर म्हणतील, बघू. पण ‘सर, आमच्या तळ्याचं दहा वर्षांचं पाणी मोजायचंय, त्यासाठी कॉलेजच्या नावानं नोंदणी करायचीय, प्रश्नावली आम्ही भरून आणलीय’ असं म्हणालात, तर नाही म्हणणं त्यांनाही जड जाईल. आणि आपले सर-मॅडम तसे नाही म्हणणाऱ्यांतले नाहीत, हे हा लेख त्यांनी वाचायच्या आधीच लिहून ठेवतो!

दोन शिक्षक, एक नोंदणी, एक रजिस्टर आणि प्रत्येक तालुक्याचा एकेक प्रश्न, एवढ्यानं कामाला लागता येईल. पुढच्या वर्षीच्या अंकात याच पानावर माकणीच्या पाण्याचा दहा वर्षांचा तक्ता छापलेला मला बघायचाय. खाली नावं कुणाचीही असोत.